कातळावरचा आघात मोजताना: माझा अनुभव

धातुशास्त्राची पदवी घेतली आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये लागलो. काम शार्पी टेस्टचं. खाच पाडलेल्या पोलादी तुकड्यावर लंबकाचा हातोडा सोडायचा आणि तुकडा मोडायला किती ऊर्जा लागली ते लिहून ठेवायचं. हातोड्याचा वेग सेकंदाला साधारण ५ मीटर. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डिमॉर्फस या लघुग्रहावर सेकंदाला ६ किलोमीटरहून जास्त वेगाने आदळलं, आणि माझं मन त्या हजारपटीत अडकलं. इतक्या वेगात दगड वागतो तरी कसा? नोकरी सोडून पीएचडीला लागलो.

खरा कस लागला तो स्प्लिट हॉपकिन्सन बारवर, म्हणजे झटक्याच्या माऱ्याखाली दगड किती ताण सोसतो ते मोजणाऱ्या उपकरणावर. एका रेषेत दोन लांब पोलादी दांडे, मधे दगडाची चकती. गॅस गनमधून सुटलेला स्ट्रायकर, म्हणजे आखूड दांडा, पहिल्या दांड्यावर आदळतो आणि दाबाची लाट सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर वेगाने निघते. थोडी दगडावरून परत फिरते, थोडी पार जाते. दांड्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे दांडा किती चेपला ते मोजणारे संवेदक, दोन्ही टिपतात.

दगड आपला तुर्भ्याकडचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. लोणारचं विवर याच दख्खनच्या कातळात पडलेलं आहे, त्यामुळे दुसरा दगड घ्यावासा वाटलाच नाही. "बुडबुड्यांचा दगड आत्ता बाजूला ठेव, आधी घट्ट घे," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. बुडबुड्यांचा म्हणजे आत पोकळ्या राहिलेला. कोअर, म्हणजे दगडातून गोल दांडी, काढून चकतीची दोन्ही तोंडं घासून समांतर करण्यात दिवसच्या दिवस जायचे. तोंड जरा तिरकं राहिलं की एक कड आधी फुटते.

त्याहून अवघड पुढचं. पोलाद चेपत जातं. कातळ एक टक्काही न चेपता फुटतो. लाट एकदम चढली, तर दोन्ही तोंडांवरचं बल सारखं होण्याआधीच चकतीचा चुरा होतो आणि तो आकडा कामाचा राहत नाही. यावर उपाय म्हणजे स्ट्रायकर आदळतो तिथे तांब्याची छोटी चकती लावणं. तांबं चेपतं, लाट सावकाश चढते. जाडी बदलत राहिलो. शेवटी दोन्ही तोंडांचे आलेख एकमेकांवर बसले, तेव्हा सरांनी पाठ थोपटली. सावकाश दाबल्यावर सोसतो त्याहून कितीतरी जास्त ताण हा कातळ झटक्यात सोसतो, हे मी माझ्या आलेखावर पाहिलं.

डिमॉर्फस हा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. डार्टच्या धडकेने त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे ३३ मिनिटांनी घटला. नुसत्या यानाच्या धक्क्याने एवढं झालं नसतं. उडालेल्या मलब्याने उलटा रेटा दिला. एकूण रेटा यानाच्या संवेगाच्या सुमारे ३.६ पट धरला जातो, पण त्यात लघुग्रहाची घनता गृहीत धरलेली आहे. ७ ऑक्टोबर २०२४ ला निघालेलं युरोपचं हेरा यान डिमॉर्फसचं वस्तुमान प्रत्यक्ष मोजणार आहे. मलबा किती उडतो हे दगडाच्या मजबुतीवर आणि त्यातल्या पोकळ्यांवर ठरतं, म्हणून आता बाजूला ठेवलेला तो बुडबुड्यांचा कातळ मी कापायला घेतला आहे.