तुम्ही विचारलंत म्हणून: सुब्बुलक्ष्मींना जमलं ना?

मी डोंबिवलीत गाणं शिकवते. संध्याकाळच्या तुकडीत बहुतेक संसारी बायका असतात. लग्नाआधी दोन-चार परीक्षा दिलेल्या, मधे गाणं सुटलेलं, आता मुलं जरा मोठी झाली म्हणून पुन्हा पेटी उघडलेली. त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे. मुलींच्या आयाही तो विचारतात, फक्त त्यांना उत्तर मुलीसाठी हवं असतं: "बाई, देवधर्म, घर आणि गाणं, तिन्ही सांभाळता येतं का हो? एम. एस. सुब्बुलक्ष्मींना जमलंच ना?"

नाव दरवेळी सुब्बुलक्ष्मींचंच येतं. आमच्याकडे कर्नाटक संगीत कुणी फारसं ऐकत नाही, पण त्यांचं वेंकटेश सुप्रभातम् कितीतरी मराठी घरांत पहाटे लागतं. कांजीवरम, मोगऱ्याचा गजरा, नाकात दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या चमक्या, मिटलेले डोळे, हा फोटोही सगळ्यांच्या ओळखीचा. त्याकडे बघून वाटतं की ही बाई सकाळी पूजा आटोपून, स्वयंपाक करून, पदराला हात पुसत गायला बसली असेल.

मी घाईत "येतं की" म्हणते, कारण तासाची वेळ चाललेली असते. खरं उत्तर लांब आहे, ते इथं देते.

सुब्बुलक्ष्मी 16 सप्टेंबर 1916 ला मदुरैत जन्मल्या. आई षण्मुखवडिवू वीणा वाजवायच्या, आजी व्हायोलिन. घर देवदासी परंपरेतलं. आपल्याकडे गोव्यात ज्यांना कलावंत म्हणत, साधारण तशी घरं. तिथं गाणं हा छंद नसतो, कमाई असते, आणि ते मुलीच्या हाती सोपवलं जातं ते आईकडून. दहाव्या वर्षी पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. अशा घरातल्या मुलीला लग्नाचा संसार मिळेलच असं नसे, एखाद्या धनिकाचा आश्रय मिळण्याची शक्यता जास्त. विशीत असताना त्या मदुरै आणि आईचं घर सोडून मद्रासला निघून गेल्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण फोटोतल्या शांत चेहऱ्यामागे घर सोडून निघालेली एक तरुण मुलगी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही.

1940 मध्ये त्यांनी टी. सदाशिवम यांच्याशी लग्न केलं. सदाशिवम ब्राह्मण, काँग्रेसचे नेते राजाजी (सी. राजगोपालाचारी) यांच्या जवळचे, काँग्रेसचेच कार्यकर्ते, एका तमिळ साप्ताहिकात जाहिरातींचं काम पाहणारे. पहिल्या पत्नीपासून त्यांना दोन मुली होत्या. सुब्बुलक्ष्मींना स्वतःचं मूल झालं नाही, त्या मुलींच्याच त्या आई झाल्या. थोरली राधा पुढं अनेक वर्षं मैफलींत त्यांच्या साथीला गायला बसली.

आता मुद्द्याचं. त्या घराची सगळी घडी गाण्याभोवती बसवलेली होती. कुठली मैफल घ्यायची, बिदागी किती, काय गायचं, कुठल्या क्रमानं, हे सदाशिवम ठरवत आणि स्वतः समोर पहिल्या रांगेत बसत. मुलगी मागं सूर धरून. पैशाचा हिशोब, पत्रव्यवहार, प्रवास, पाहुणे, यांतलं काही गाणारीच्या डोक्यावर नाही. गाणं आणि घर सांभाळायला जमलं, असं आपण म्हणतो तेव्हा गाणारी व्यक्ती दोन्हीकडं धावते असं गृहीत धरतो. इथं तर घरच गाण्यासाठी धावत होतं. माझ्या तुकडीतल्या एकीच्याही घरी हे होत नाही. उलट तंबोऱ्याचं ॲप लावलं की आतून हाक येते, "आवाज कमी कर, मॅच चालू आहे."

म्हणजे सदाशिवम आदर्श नवरा होते का? मला तसं म्हणता येत नाही. त्यांनी बायकोच्या गळ्याचं सोनं केलं हे खरं, पण त्याची किल्ली स्वतःकडं ठेवली. 1941 मध्ये 'सावित्री' या चित्रपटात सुब्बुलक्ष्मींनी नारदाचं काम केलं, ते कशासाठी, तर सदाशिवम आणि लेखक कल्की कृष्णमूर्ती यांना 'कल्की' हे साप्ताहिक काढायला भांडवल हवं होतं म्हणून. बायकोच्या मानधनावर नवऱ्याचं साप्ताहिक उभं राहिलं. पुढं 'मीरा' केला, 1945 मध्ये तमिळ आणि दोन वर्षांनी हिंदी, त्यात छोटी मीरा राधाच झाली होती. मग चित्रपट बंद. यांतलं किती बाईंना हवं होतं आणि किती त्यांनी मान्य केलं, हे वेगळं काढता येत नाही. बाई स्वतः कधी तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत. काही बायकांना याचं फार कौतुक वाटतं. मला त्या न बोलण्यात थोडी धास्ती वाटते.

भक्तीबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. ती दाखवायची नव्हती. त्यांच्या संस्कृत आणि तेलुगू उच्चारांची तारीफ त्या-त्या भाषेतले पंडित करत, आणि मातृभाषा तमिळ असलेल्या गायिकेला ते घासूनच मिळवावं लागतं. ऑक्टोबर 1966 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात त्या गायल्या, तेव्हा कांचीच्या शंकराचार्यांनी, चंद्रशेखरेंद्र सरस्वतींनी, त्यासाठी मुद्दाम संस्कृतात रचना करून दिली होती. सुप्रभातम् ची ध्वनिमुद्रिका 1963 मध्ये निघाली आणि तिची रॉयल्टी तिरुपती देवस्थानाच्या वेदपाठशाळेला दिली गेली. कस्तुरबा स्मारक निधीपासून इस्पितळं-शाळांपर्यंत कितीतरी कामांसाठी त्यांच्या मदतनिधीच्या मैफली झाल्या. मॅगसेसे पुरस्कार 1974 मध्ये मिळाला तो याच सार्वजनिक सेवेसाठी. आणि गंमत बघा, पुढं घरच्यांचेच हात आखडले, मोठा बंगला विकून लहान घरात जावं लागलं. देत राहण्याची किंमत शेवटी घरानंच मोजली.

सदाशिवम नोव्हेंबर 1997 मध्ये गेले आणि त्यानंतर सुब्बुलक्ष्मींनी जाहीर मैफल केली नाही. पुढच्याच वर्षी भारतरत्न मिळालं, संगीतातलं पहिलं. 2004 च्या डिसेंबरमध्ये त्या गेल्या. गाणं थांबवण्यात वयाचा भाग असणार, ऐंशी उलटून गेलेली होती. पण ज्या माणसानं प्रत्येक मैफल आखली तोच समोर नसताना गायचं कसं, हाही भाग असणार. असं आपलं मला वाटतं.

आता हीच तीन टोकं वेगळ्या घरात कशी जुळली ते बघा. हिंदुस्तानी गायिका मोगूबाई कुर्डीकर, जन्म 1904, गाव गोव्यातलं कुर्डी. (साळावली धरणात ते गाव बुडालं. मे महिन्यात पाणी उतरलं की उघडं पडतं, तेव्हा जुने गावकरी देवळाशी जमतात.) इथंही घर कलावंतांचं, इथंही मुलीनं गावं हा ध्यास आईचा. पण आई जयश्रीबाई मुलगी लहान असतानाच गेल्या. नाटक कंपनी, मग आजारपण, मग सांगलीत जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांकडं तालीम, खाँसाहेब मुंबईला गेले तशी त्यांच्या मागं मुंबई. लग्न झालं, तीन मुलं झाली, आणि मुलं लहान असतानाच यजमान गेले. बिदागी ठरवायला कुणी नाही, पहिल्या रांगेत बसून इशारा करायला कुणी नाही. मैफली करून, शिकवण्या करून तिघांना वाढवलं. थोरली किशोरी, म्हणजे पुढं गायिका म्हणून गाजलेल्या किशोरी आमोणकर, लहानपणापासून तंबोरा घेऊन आईमागं बसली. आईला मैफलींच्या ठिकाणी कसं वागवलं जायचं, कसल्या डब्यातून प्रवास आणि कुणाच्या घरी कोपऱ्यात मुक्काम, ते किशोरीताईंनी पुढं मुलाखतींतून सांगितलं आहे. त्या स्वतः संयोजकांशी इतक्या कडक का वागत, याचं मूळ मला तिथं दिसतं.

मोगूबाईंना पद्मभूषण 1974 मध्ये मिळालं, सुब्बुलक्ष्मींना मॅगसेसे मिळालं त्याच वर्षी. त्यांचा फोटो मात्र कुणाच्या देव्हाऱ्याशेजारी नाही. लयीचं अवघड काम आणि जयपूर घराण्याचे अनवट राग पहाटे दूध तापवताना लावता येत नाहीत, हे एक. आणि एकटीनं कमावून घर चालवणारी बाई आदर्श गृहिणीच्या चौकटीत बसत नाही, हे दुसरं. खरं तर संसार त्यांनीच केला, आणि सगळा केला.

माझ्या तुकडीतल्या बायका या दोघींच्या मधे कुठंतरी आहेत. सदाशिवम कुणाला मिळालेले नाहीत, त्याबद्दल मी हळहळत नाही. मोगूबाईंइतकं कुणावर येऊन पडू नये. पण "जमवून घेईन" म्हणत ज्या येतात त्या चातुर्मासात गळतात, हे मी बघत आले आहे. आधी सण, मग पाहुणे, मग मुलांची परीक्षा. टिकल्या त्या, ज्यांच्या घरी कुणीतरी आपलं काम बाजूला ठेवलं. एकीची सासू संध्याकाळची दिवाबत्ती आणि भात-आमटी स्वतःकडं घेते आणि सुनेला म्हणते, तुझी पूजा तिकडं. एकीचा नवरा तिला स्टेशनवरून परस्पर क्लासला सोडतो आणि बाहेर पायरीवर बसून मोबाईल बघतो. बंदिश त्यालाही पाठ झाली आहे, हे तिला माहीत नाही.

तर पुढच्या वेळी हा प्रश्न घेऊन याल तेव्हा घरातल्यांपैकी कुणाला तरी बरोबर आणा. तुकडी बुधवारी आणि शनिवारी, सहा ते सात. त्या तासाला घरी कुकर कोण लावणार ते माझ्यासमोर ठरवा, फी नंतर बघू.