ओठ कोणाला दिसायला हवेत?

आमच्या पालक-मुलांच्या शनिवारच्या गटात नकाबावरून वाद झाला, त्याला आता बरेच दिवस झाले. तरी तो डोक्यातून जात नाही. त्या दिवशी खोलीतला जो तो थोडा थोडा बरोबर होता, आणि टीव्हीवर या विषयावर जे काही बोललं जातं त्यातलं एकही वाक्य आमच्या कामी आलं नाही.

मी ठाण्यात स्पीच थेरपिस्ट आहे. ज्या मुलांना ऐकू कमी येतं त्यांना ऐकायला आणि बोलायला शिकवणं हे माझं काम. लोकांना वाटतं, आम्ही मुलांना ओठ वाचायला शिकवतो. ज्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, लवकर बसलंय, त्याच्या बाबतीत नेमकं उलट असतं. त्याच्यासमोर आम्हीच तोंड झाकतो. भरतकामाची लाकडी रिंग घ्यायची, तिच्यात स्पीकरवर असतं तसलं विरळ काळं कापड ताणून बसवायचं आणि ती ओठांपुढे धरून बोलायचं. हाताने तोंड झाकलं तर आवाज दबतो, या कापडातून तो जवळजवळ जसाच्या तसा जातो. ओठ दिसले की मूल डोळ्यांवर विसंबतं आणि कानाला कामच राहत नाही. शिवाय ओठ फसवतात. आरशासमोर उभं राहून, आवाज न काढता 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात. 'क' आणि 'ग' तर घशाशी तयार होतात, ते दिसतच नाहीत.

पण ज्या मुलाचं निदान उशिरा झालं त्याला ओठांशिवाय गत्यंतर नसतं. गटातल्या कळव्याच्या आजोबांची नात अशीच. जन्मल्यावर कानांची तपासणी झाली असती तर काही मिनिटांत कळलं असतं. ती झाली नाही. मग 'हिचा बापही उशिराच बोलला' असं म्हणत घरच्यांनी वाट पाहिली, डॉक्टरांनीही 'थांबा, बोलेल' म्हणून सांगितलं. श्रवणयंत्र लागलं तेव्हा ती चार वर्षांची झाली होती. मेंदू ऐकणं शिकतो ती पहिली वर्षं हातची गेली होती. आता ती नऊ वर्षांची आहे, हुशार आहे, आणि समोरच्याच्या तोंडावरून नजर हलू देत नाही. बालरोगतज्ज्ञांनी 'थांबा' हा शब्द एवढ्या सहज वापरू नये, हे मी मिळेल त्या ठिकाणी सांगत असते, इथेही सांगते.

शनिवारच्या गटात पालकांपैकी एक जण चित्रं दाखवत गोष्ट सांगतो. आमच्याकडे पालक गावावरूनच ओळखले जातात. त्या दिवशी गोष्ट मुंब्र्याच्या ताईंची होती. त्यांचा मुलगा चार वर्षांचा, इम्प्लांट वेळेत झालेला. एकटीच्या सेशनला खोलीत बायकाच असतात, तिथे त्या नकाब काढून बसतात. गटात बाबा आणि आजोबा असतात, तिथे नाही.

गोष्ट सुरू होऊन दोन चित्रं झाली असतील, कळव्याचे आजोबा मला म्हणाले, "मॅडम, यांना तोंडावरचं काढायला सांगा. माझ्या नातीला काही कळत नाहीये." ते तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढे आलं, "फ्रान्सने कायदा करून बंद केलंय. आपल्याकडेच सगळे लाड."

मग त्यांनी ताईंकडे वळून हेच हिंदीत सांगितलं. ताई मूळच्या दापोलीकडच्या, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा गोड आहे. नकाब दिसला की लोक आपोआप हिंदीवर जातात. त्या मराठीतच म्हणाल्या, "आजोबा, मलाच विचारायचं होतं ना. मी समोरच बसलेय."

फ्रान्सचा कायदा 2010 चा, लागू झाला एप्रिल 2011 पासून, दंड 150 युरोपर्यंत. त्याच फ्रान्समध्ये 2020 साली मे महिन्यात सार्वजनिक वाहनांतून मास्क सक्तीचा झाला, आणि चेहरा झाकण्यावरची बंदीही कायद्यात तशीच राहिली. मास्कच्या त्या काळात आमच्या मुलांचे जे हाल झाले ते मी पाहिले आहेत. पारदर्शक खिडकीचे मास्क आणले तर दोन वाक्यांत वाफ धरायची. मूल ओठ शोधत राहायचं. चेहऱ्याशिवाय माणसामाणसांत संवाद कसा होणार, असं तेव्हा कोणी म्हणालं नाही.

ब्रिटनमध्ये 2006 साली हाच वाद पेटला होता. जॅक स्ट्रॉ हे तिथले तेव्हाचे खासदार आणि मंत्री. भेटायला येणाऱ्या बायकांना आपण नकाब बाजूला करायची विनंती करतो, असं त्यांनी लिहिलं आणि देशभर गदारोळ झाला. त्याच सुमारास ड्यूजबरीच्या एका शाळेतल्या सहायक शिक्षिकेचं प्रकरण गाजलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांना ती मदत करायची. मुलांसमोर नकाब काढायला तिची तयारी होती, पुरुष सहकारी असले की नव्हती. शाळेने तिला निलंबित केलं. न्यायाधिकरणाने भेदभावाचा दावा फेटाळला, पण तिला मिळालेल्या वागणुकीबद्दल 1,100 पौंड भरपाई द्यायला लावली. मुलांना कळत नाही, हा शाळेचा मुद्दा माझ्या धंद्यातल्या माणसाला क्षुल्लक वाटूच शकत नाही. पण देशाने चर्चा केली ती ब्रिटिश असण्यावर. कोणत्या मुलाला किती ऐकू येतं, ते मूल किती लांब बसतं, वर्गात पंखा चालू असतो का, हे कोण विचारणार?

मी तेच विचारायचं ठरवलं. गोष्ट थांबवली आणि सगळ्यांसमोर सहा आवाजांची चाचणी घेतली. आ, ऊ, ई, श, स, म. जाडा 'म' ते बारीक 'स', बोलण्याचा सगळा पट्टा या सहांत येतो. ताई एका जागी बसल्या, नकाब तसाच. आधी त्यांचा मुलगा, पाठमोरा. आवाज आला की बादलीत ठोकळा टाकायचा. सहाच्या सहा ठोकळे पडले, 'स'चासुद्धा. नकाबाचं कापड पातळ जॉर्जेटचं होतं, एकपदरी. मग आजोबांची नात. आ, ऊ, ई, म आले. 'श'ला ती घुटमळली. 'स'ला ठोकळा हातातच राहिला, आणि ती ताईंच्या नकाबाकडे, जिथे ओठ असायला हवेत तिथे, बघत राहिली. तोच आवाज माझ्या तोंडून, उघड्या ओठांनी काढला तेव्हा ठोकळा पडला.

खोलीत कोणी बोललं नाही. ताईच म्हणाल्या, "मग हिला दिसायलाच हवं." लगेच पुढे, "पण मी बाकीच्यांसमोर काढणार नाही."

तोडगाही त्यांनीच काढला. त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून, मुलं त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये अर्धगोलात, मोठी माणसं सगळी पाठीमागे. शेजारच्या निरीक्षण खोलीतून दिसणारी एकतर्फी काच आहे, तिच्यावर मी पडदा ओढला. कळव्याचे आजोबा म्हणाले, "आम्ही पाठीमागे का बसायचं?" प्रश्न रास्त होता. बाप आणि आजोबा थेरपीला यावेत म्हणून आम्ही अक्षरशः विनवण्या करतो. येणारे थोडे, आणि त्यांनाच पाठ दाखवायची. मी म्हटलं, "नातीसाठी." ते बसले, पण तोंड कडू करून.

नकाब वर गेला आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली. मुलगी पुढे सरकून सरकून ताईंच्या गुडघ्याला टेकली. माकडाने मगरीला फसवलं तिथे ती मोठ्याने हसली, आणि तेही बाकीच्या मुलांच्या बरोबरीने. एरवी ती इतरांकडे पाहून, एक क्षण मागून हसते.

एवढ्यावर गोष्ट संपती तर मी लिहिलंच नसतं. डोंबिवलीचे बाबा पाठीमागे बसले होते. ते स्वतः जन्मापासून बहिरे आहेत, खुणांची भाषा आणि ओठ यांवर त्यांचं सगळं चालतं. सगळ्या बापांत एकही शनिवार न चुकवणारे तेच. या मांडणीत खोलीत सर्वांत जास्त गरज ज्याला, त्यालाच काही दिसत नव्हतं. मला येतात तेवढ्या खुणांनी मी सांगत होते, पण नजर मुलांवर ठेवायची होती. बोललेलं लिहून दाखवणारं ॲप फोनवर लावून दिलं. दापोलीची बोली आणि मुलांचा गलका, त्याने मगरीचं 'नगरी' केलं. गोष्ट संपल्यावर त्यांनी फोन परत दिला आणि माझ्या डायरीत लिहिलं, "पुढच्या वेळी गोष्ट आधी लिहून द्या. मुलीला घरी मी सांगतो."

मला स्वतःला नकाब आवडत नाही. हमीद दलवाईंनी 1966 साली तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा नेला, त्या बायकांबद्दल आदराने बोलणाऱ्या घरात मी वाढले. ताई नकाब का घेतात, हे मी त्यांना विचारलेलं नाही. त्या माझ्याकडे मुलाच्या कानांसाठी येतात, आणि ज्याला ज्याला त्यांचं तोंड बघायचं असतं त्या प्रत्येकाकडे नातीसारखं कारण नसतं. आजोबांकडे कारण होतं. ते फ्रान्सच्या खाली झाकलं गेलं, याचाच मला राग आहे. पण डोंबिवलीच्या बाबांकडेही कारण होतंच, आणि त्यांना आम्ही कागदावर निभावून नेलं. ताईंचा नियम आणि बाबांची गरज समोरासमोर आली तेव्हा नियम राहिला. हे बरोबर झालं का, ते मला अजून ठरवता येत नाही.

ताई आता त्यांची पाळी असली की आदल्या रात्री गोष्ट व्हॉट्सॲपवर पाठवतात, चित्रांच्या क्रमाने. बाबा ती वाचून येतात. कळव्याच्या आजोबांनी मात्र नातीला गुरुवारच्या बॅचला घातलंय. तिथे तिच्या वयाचं कोणी नाही, सगळी अडीच-तीन वर्षांची पोरं. ती कोपऱ्यात बसून ठोकळे रंगाप्रमाणे लावते. आजोबा फोनवर म्हणाले, "बघू, परीक्षा झाल्यावर." परीक्षा झाल्या आहेत. या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाणार आहे, आणि नातीच्या आईलाही समोर बसवणार आहे.