ऑटोवर ठेवलेले लाईट आणि विदगावच्या पुलावरची धुई

जानेवारीत जळगाव-चोपडा रोडला सकाळी जी धुई पडते ती ज्याने पाहिली त्यालाच कळेल मी काय म्हणतोय ते. तापी जवळ, दोन्ही अंगाला केळीचे बाग, त्यांच्यातली ओल, साडेसात-आठला विदगावच्या पुलाच्या आसपास पुढची गाडी अगदी अंगावर येईपर्यंत दिसत नाही. आणि तेव्हा अंधार नसतो बरं का, सूर्य वर आलेला असतो, सगळीकडे पांढरा उजेडच उजेड, फक्त त्या उजेडात काही दिसत नाही. खाली सांगतोय ती सगळी केस या एकाच गोष्टीवर उभी आहे.

माझं अजिंठा चौफुलीजवळ ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आधी बॅटरी, सेल्फ, अल्टरनेटर एवढंच काम असायचं, आता निम्मं काम सेन्सरचं. त्या दिवशी दुपारी शेजारच्या डेंटरने दोन माणसं माझ्याकडे पाठवली, एक चोपड्याकडचे रिटायर्ड हेडमास्तर, त्यांना सगळे नानाच म्हणतात, आणि दुसरा केळीच्या पिकअपवरचा पोरगा, पंचविशीचा असेल. सकाळी पुलाच्या अलीकडे पिकअपने नानांच्या गाडीला मागून ठोकलं होतं. नानांची गाडी दिवाळीत घेतलेली, टॉप मॉडेल, मुलाने पुण्याहून बुक करून दिलेली. मागचा बंपर आत, उजवा टेललॅम्प फुटलेला, डिकी वाकडी. नानी मागे बसलेल्या होत्या, त्यांच्या मानेला हिसका बसला, पट्टा लावून दवाखान्यातून थेट घरी गेल्या होत्या. त्यामुळे नाना चांगलेच तापलेले.

"अरे भाऊ, तूच सांग याला, माझे लाईट चालू होते. नॉब ऑटोवरच असतो माझा, शोरूमवाल्याने सांगितलंय नाना तुम्ही हातसुद्धा लावू नका, गाडी स्वतः बघते. आणि मीटर पूर्ण पेटलेलं होतं, पुढे लाईट दिसत होते, मग मागचे बंद कसे असतील?"

पोरगा रडवेला झालेला. "भाऊ, माले मांगला लाईट दिसनाच नही, आईनी शप्पथ."

आपल्याकडे मागून ठोकणाऱ्याचीच चूक धरतात, त्यात तो पिकअपवाला, म्हणजे गावातल्या चार जणांनी त्याला आधीच दोषी ठरवून टाकलं होतं. त्याच्या मालकाने तर पगारातून कापून घेतो म्हणून सांगितलेलं. मला ते बरं वाटलं नाही, म्हटलं थांबा, बल्ब काय सांगतो ते बघू.

या गाडीला मागे एलईडी नव्हते, दोन तारांचा २१/५ वॅटचा साधा बल्ब होता, ५ वॅटची बारीक तार टेललाईटची आणि २१ वॅटची जाड तार ब्रेकची. फुटलेल्या लॅम्पमधला बल्ब काच फुटूनही होल्डरमध्ये तसाच अडकून राहिला होता. मी तो अलगद काढला आणि भिंगाखाली धरला. दोन्ही तारा शाबूत, चांदीसारख्या चकचकीत. मी नानांच्या हातात भिंग दिलं, तेव्हा ते म्हणाले, बरं मग? मग मी रॅकमधला तसलाच एक जुना बल्ब घेतला, फडक्यात गुंडाळून पकडीने फक्त काच फोडली, आणि बॅटरीवर दोन वायरी लावून बारीक तार पेटवली. क्षणभर झगमगली, पांढरा धूर निघाला आणि तार जळून तुटली, टोकांना पिवळट पांढरी भुकटी. टंगस्टन असं काचेच्या आत हवा नसते म्हणून टिकतं, तापलेलं असताना हवा लागली की जळतंच. म्हणजे ठोकर बसून काच फुटली त्या वेळी नानांचा टेललाईट चालू असता तर त्या बारीक तारेचं असंच झालं असतं. ती चकचकीत आहे म्हणजे थंड होती. जाड तार पण चकचकीत, म्हणजे नानांनी ब्रेकही दाबलेला नव्हता. मागून ती गाडी म्हणजे धुईत एक राखाडी डबा होता, एकही लाल ठिपका नसलेला.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मास्तर माणूस, डोळ्यांनी पाहिलेलं नाकारलं नाही. पण लगेच म्हणाले, मग गाडीत फॉल्ट आहे, कंपनीवर केस करतो. मी स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड नाही. लाईटचा सेन्सर, आरशामागे काचेला चिकटवलेला असतो तो, एकदम ठीक. त्यावर हात ठेवला की दोन सेकंदांत पुढचे मागचे सगळे लाईट लागतात, डावा टेललॅम्प शाबूत होता तोही लागला. गाडीत काहीही बिघाड नव्हता, आणि माझ्या मते हीच सगळ्यात वाईट बातमी होती.

नाना गाडी ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी परत धुई होतीच, मी दुकानातल्या पोराला घेऊन सकाळीच तीच गाडी विदगावकडे नेली, जाताना नॉब हाताने फिरवून लाईट लावून. पुलाच्या आधी रस्ता सोडून पार आत एका बागेच्या वाटेवर गाडी उभी केली, नॉब ऑटोवर केला, इंजिन चालू ठेवलं, आणि पोराला मागे पाठवलं. पुढे डीआरएल, म्हणजे गाडी चालू असली की दिवसा आपोआप लागणारे पुढचे पांढरे दिवे, झगझगीत, मीटर मोबाईलसारखं उजळलेलं, मागे पोरगा ओरडतोय, "दादा, काहीच नाही!" पंधरा-वीस पावलं मागे गेल्यावर त्याला गाडीचा फक्त आकार दिसत होता. मोबाईलवरच्या लक्स मीटरच्या ॲपने उजेड मोजला (लक्स म्हणजे उजेडाचं माप) तर आकडा तीन-चार हजारांत फिरत होता. मोबाईलचा सेन्सर काही पक्का नसतो, पण अंदाज येतो. युरोपात वगैरे जो आंतरराष्ट्रीय नियम चालतो, त्यात ऑटो लाईट १००० लक्सच्या खाली गेल्यावर २ सेकंदांत लागलेच पाहिजेत आणि ७००० च्या वर बंद झाले पाहिजेत, मधलं सगळं कंपनीच्या मर्जीवर. आपली तापीकाठची धुई बरोबर त्या मधल्या भागात बसते.

म्हणजे सेन्सर उजेड मोजतो, दिसतंय किती ते मोजत नाही. डोंगराच्या बोगद्यात शिरा, संध्याकाळ होऊ द्या, तो बरोबर काम करतो, मी त्याला वाईट म्हणत नाही, लाईट लावायलाच विसरणारी माणसं रात्री त्याच्यामुळे वाचतात. पण धुई, भर दुपारचा धो धो पाऊस, कापणीनंतरचा धूर, वावटळीची धूळ, यात तो कामाचा नाही. पूर्वीच्या गाडीत लाईट लावल्याशिवाय मीटर दिसायचं नाही, त्यामुळे ड्रायव्हरला आपोआप कळायचं. आता मीटर सदोदित पेटलेलं, वर समोर डीआरएलचा उजेड धुईवर पडलेला दिसतो, माणसाला वाटतं सगळं चालू आहे. नानांचं तेच झालं, यात त्यांना मूर्ख म्हणणारा माणूस मला भेटला तर मी त्याला तीच गाडी चालवायला देईन.

कायदा मात्र स्पष्ट आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १०५ म्हणतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने तर लाईट हवेतच, शिवाय पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळी हवेत. तिथे नॉब ऑटोवर होता हे उत्तर चालत नाही, जबाबदारी स्टिअरिंगवरच्या माणसाचीच.

बाकी भानगडी पण येतात दुकानात. काच बदलून आणतात आणि सेन्सरखालचा जेलचा तुकडा नीट बसवलेला नसतो, हवेचा बुडबुडा राहतो, मग भर दुपारी लाईट लागतात नाहीतर रात्री चालूबंद होतात. कोणी बरोबर सेन्सरसमोर स्टिकर चिकटवतो. कन्नड घाटात झाडांच्या सावलीत लाईट लागतात-विझतात आणि समोरच्या ट्रकवाल्याला वाटतं याने डिपर मारला. आणि ज्या गाड्यांत हायबीम आपोआप वरखाली होतो तिथे तर मी हात जोडून सांगतो की गावाकडच्या रस्त्यावर ते बंदच ठेवा, कारण त्याचा कॅमेरा मुख्यतः समोरच्या गाडीचे दिवे शोधतो, आणि कापूस भरलेली बैलगाडी, पायी चाललेला मजूर, सायकलवाला यांना दिवाच नसतो, त्यांच्या डोळ्यात पूर्ण हायबीम जातो.

कॅनडात सप्टेंबर २०२१ पासून नवीन गाड्यांना नियम आहे, की डीआरएलबरोबर मागचे लाईटही लागले पाहिजेत, किंवा कमी उजेडात सगळे आपोआप लागले पाहिजेत, किंवा मग लाईट लावल्याशिवाय मीटर अंधारात राहिलं पाहिजे. यातला पहिला आणि तिसरा उपाय आपल्या धुईला चालेल, दुसरा नाही, तो तर नानांच्या गाडीत होताच. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या मोटरसायकलींना इंजिन चालू झालं की हेडलाईट चालू, बंद करायचं बटनच नाही. मग कारच्या मागच्या ५ वॅटला काय अडचण आहे, बॅटरीवर त्याचा फारसा भारही पडत नाही, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

नाना तिसऱ्या दिवशी आले तेव्हा पोरगाही आला होता, मीच बोलावला होता. त्याचं सगळं बरोबर होतं असं नाही, पिकअपचा डावा हेडलाईट मंद झालेला आणि अशा धुईत तो जेवढ्या वेगात होता तेवढ्यात नको होता, हे मी त्याला सगळ्यांसमोर बोललो आणि त्याने मान्य केलं. नानांनी आपल्या गाडीचं आपल्या इन्शुरन्सवर घेतलं, पिकअपचा रेडिएटर अर्धा-अर्धा केला, आणि पोराच्या मालकाला स्वतः फोन करून सांगितलं, "त्याच्या पगाराला हात लावू नका, माझे मागचे लाईट बंद होते." तो फोन माझ्या दुकानातूनच झाला.

मग माझ्या काउंटरवर बसून त्यांनी कंपनीला चार पानी पत्र लिहिलं, मुद्देसूद, बल्बचे फोटो मी काढून दिले. मागणी एकच, डीआरएल लागेल तेव्हा टेललाईट लागलाच पाहिजे, आणि विकलेल्या गाड्यांनाही ते सॉफ्टवेअरमधून करून द्या. पत्र रजिस्टरने गेलंय. तोपर्यंत नाना धुई असली की नॉब हाताने फिरवतात, आणि नानी मागच्या सीटवर बसायच्या आधी गाडीच्या मागे जाऊन दोन्ही लाल दिवे स्वतः बघतात.