एक्सएमएल-आरपीसी की सोप? आधी एक मोबाईल नंबर पाठवून बघा

नवीन एपीआय (दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची सोय) म्हटलं की सगळे डोळे झाकून जेसन फॉरमॅट धरतात आणि ते बरोबरच आहे, पण ईआरपी (कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर), अकाउंटिंग असल्या कामात पडलात की एक्सएमएल (टॅगमध्ये डेटा लिहायचा फॉरमॅट) अजून गेलेलं नाही हे लगेच कळतं. मग प्रश्न येतोच, एक्सएमएल-आरपीसी घ्यायचं, सोप घ्यायचं (दोन्ही म्हणजे एक्सएमएल पाठवून दुसऱ्या मशीनवरचं काम करून घ्यायचे ठरलेले नियम) की आपलं साधं एक्सएमएल पोस्ट करून मोकळं व्हायचं.

समोरच्याने डब्ल्यूएसडीएल फाइल (सोप सर्व्हिसचं वर्णन) हातात टेकवली तर सोप, विषय संपला. निवड करायची वेळ येते ती दोन्ही टोकं आपल्याच ताब्यात असतील तेव्हा, आणि तिथे मी आधी डेटाचे टाइप्स (आकडा, तारीख वगैरे) बघतो, बाकी सगळं नंतर.

एक्सएमएल-आरपीसी १९९८ चं, डेव्ह वायनर आणि मायक्रोसॉफ्टवाल्यांनी मिळून केलेलं. स्पेक चहा संपेपर्यंत वाचून होतो. मेथडचं नाव, पॅरामीटर्स, एचटीटीपी पोस्ट, झालं. पायथनमध्ये तर क्लायंट-सर्व्हर दोन्ही आयते मिळतात, काही इन्स्टॉल करायला नको. पण त्यातला इंटिजर ३२ बिटचा, म्हणजे जास्तीत जास्त २१४ कोटींच्या आसपास, आणि आपले मोबाईल नंबर सुरूच होतात ६ पासून पुढे, १० आकडी, म्हणजे ६०० कोटींच्या वरच! एकही नंबर त्यात बसत नाही, पायथन सरळ ओव्हरफ्लो एरर फेकतं. (नंबर स्ट्रिंग म्हणूनच पाठवायचा असतो हे मान्य, पण डेटाबेसमध्ये कोणीतरी बिगइंट, म्हणजे ६४ बिटचा आकडा, करून ठेवलेलाच असतो.) रक्कम पैशांत पाठवत असाल तर २ कोटी १४ लाख रुपयांच्या पुढचं बिल अडकलं. नल, म्हणजे ‘व्हॅल्यूच नाही’, हे मूळ स्पेकमध्ये नाहीच. आणि तारखेला टाइमझोन नाही, त्यामुळे एका बाजूने यूटीसी (आपल्या साडेपाच तास मागे) धरलं आणि दुसरीने आपली वेळ, तर रात्री १२ ते पहाटे साडेपाचमधली एन्ट्री आदल्या दिवसात जाऊन बसते, आणि १ एप्रिलच्या पहाटे हे होऊन एन्ट्री ३१ मार्चला, म्हणजे जुन्या आर्थिक वर्षात गेली की अकाउंटंट काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सोपमध्ये हे प्रश्न नाहीत, लाँग, डेसिमल, नल, टाइमझोन सगळं एक्सएमएल स्कीमातून मिळतं. त्याबदल्यात एन्व्हलप (मेसेजभोवतीचं वेष्टण), नेमस्पेस (टॅगच्या नावांचे गट) आणि दोन लायब्रऱ्यांची आपसातली भांडणं. घेतलंच तर मेसेज लिहायच्या पद्धतींपैकी डॉक्युमेंट-लिटरल (स्कीमाप्रमाणे सरळ एक्सएमएल) घ्या, आरपीसी-एन्कोडेडच्या नादी लागू नका.

टॅली यातलं काहीच करत नाही, ९००० पोर्टवर स्वतःच्या फॉरमॅटचं एक्सएमएल घेतं, डेबिटची रक्कम मायनसमध्ये, हे एकदा डोक्यात बसलं की काम पटापट होतं. फक्त व्हाउचर नाकारलं तरी एचटीटीपी स्टेटस २०० च (म्हणजे ‘सगळं ठीक’) येतो, खरं कारण आत लाइनएरर टॅगमध्ये. एक्सएमएल-आरपीसीचा फॉल्टसुद्धा २०० घेऊनच येतो, तेव्हा मॉनिटरिंग नुसत्या स्टेटस कोडवर लावलं असेल तर ते आजच बदला.