दाखवा की!

रेंजफाइंडर कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्या माणसाने फोटो काढताना तो फोटो पाहिलेलाच नसतो. त्याने पाहिलेलं असतं ते शेजारच्या खिडकीतून. एसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला नेहमीचा मोठा कॅमेरा, त्यातला आरसा लेन्समधून आलेला उजेड थेट डोळ्यापर्यंत पोचवतो. मोबाइलवर तर जे दिसतं तेच उमटतं. इथे लेन्स एकीकडे आणि डोळा एकीकडे. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात एक काचेची खिडकी असते. तिच्यातून जवळचं आणि लांबचं सगळं सारखंच लख्ख दिसतं. मधोमध एक छोटासा चौकोन असतो आणि त्यात दुसऱ्या खिडकीतून आलेलं तेच दृश्य किंचित सरकलेलं, त्यामुळे समोरच्या माणसाला दोन नाकं. लेन्सची कडी फिरवत राहायची. दोन नाकांचं एक नाक झालं की फोकस झाला. या चौकोनाला आमच्याकडे सगळे ‘पॅच’ म्हणतात, आणि ‘पॅच जुळला’ हे वाक्य आम्ही पत्रिका जुळल्याच्या आनंदात म्हणतो.

मागची भिंत किती धूसर होणार, पुढचा खांब किती आडवा येणार, यातलं त्या खिडकीला काही ठाऊक नसतं. लेन्सवरचं झाकण तसंच राहिलं तरी तिला पत्ता लागत नाही. ती आपली खुशाल जग दाखवत बसते. पूर्ण काळा फोटो या जमातीत प्रत्येकाच्या संग्रहात असतो. चौकटीचंही तेच. खिडकीत उजळ रेघा दिसतात, त्यांच्या आत येईल तेवढा फोटो आणि बाहेरचं नुसतं बघण्यापुरतं. चौकटीत शिरू पाहणारा सायकलवाला आधीच दिसतो, हे या कॅमेऱ्याचं खरं सुख. पण त्या रेघा एका ठरावीक अंतरालाच बरोबर असतात. त्यापलीकडे सगळा अंदाज, आणि त्या अंदाजात कधी कुणाची स्कूटर येते, कधी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फलक.

म्हणजे घरी येऊन फोटो मोठ्या पडद्यावर लावला की काढणाराही पाहणाऱ्यांतलाच एक होतो. बाकीच्यांसाठी फोटो दाखवणं हा कामानंतरचा समारंभ असेल. इथे ते कामाचंच उरलेलं अर्धं असतं. हे माझं मत. आमच्या रविवारच्या कंपूत ते अजून कोणी मान्य केलेलं नाही.

कंपूचं वेळापत्रक साधं आहे. सकाळी कसबा पेठेत जमायचं, तांबट आळीतून मंडईकडे भटकायचं आणि उन्हं चढली की काकांच्या घरी जायचं, कारण त्यांचा टीव्ही सगळ्यात मोठा आहे. काका बँकेतून निवृत्त झालेले. एक दातांचे डॉक्टर, एक आर्किटेक्ट मुलगी, मी, आणि अधूनमधून कुणाचा तरी पाहुणा. कॅमेरे सगळ्यांचे डिजिटल आणि बहुतेकांचे सेकंडहँड.

तर पहिला फोटो लागतो. तांब्याच्या हंड्यावर मठारकाम करणारे एक आजोबा, हातोडी वर, पापणी खाली. शांतता. मग डॉक्टर म्हणतात, ‘‘लेन्स कुठली?’’

गाणं जमलं नाही की जाणकार मंडळी ‘तंबोरे मात्र सुरेख लागले होते’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. डॉक्टरांना फोटो आवडला तर ते लेन्सचं नाव काढत नाहीत, पुढे सरकून बसतात. ‘‘पस्तीसला कडेपर्यंत काय शार्प आहे हो!’’ असं म्हणाले, की तो फोटो डिलीट करायला हरकत नाही. हे मला कळायला बराच काळ लागला, पण कळल्यापासून त्यांच्याइतका प्रामाणिक समीक्षक मला दुसरा दिसलेला नाही. तोंडावर वाईट म्हणायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही, अशा दोन्ही अटी लेन्सवर बोलून पाळता येतात.

दुसरा प्रश्न, ‘‘एफ किती होता?’’ हा जास्त मजेशीर, कारण त्याचं खरं उत्तर बहुधा कोणालाच माहीत नसतं. लायका या जर्मन कंपनीच्या रेंजफाइंडरसाठीच्या एम लेन्समध्ये विजेची भानगडच नाही. ॲपर्चर किती ठेवलं, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं होतं (एफ हा त्याचाच आकडा), हे ती कॅमेऱ्याला सांगूच शकत नाही. अलीकडच्या लेन्सच्या बुडाशी सहा ठिपक्यांची खूण असते, ती वाचून लेन्स कोणती एवढं कॅमेऱ्याला समजतं. ॲपर्चरसाठी तो बाहेरचा उजेड आणि लेन्समधून आत आलेला उजेड ताडून बघतो आणि एक अंदाज लिहून ठेवतो. त्यामुळे फोटोसोबत जी माहिती साठते तिच्यावर कोणी विसंबत नाही. माणूस स्मरणशक्तीवर उत्तर देतो, आणि स्मरणशक्तीला नेहमी फोटोला शोभेल तेच ॲपर्चर आठवतं. सगळं स्पष्ट आलं असेल तर ‘‘एफ आठ.’’ मागचं विरघळलं असेल तर ‘‘पूर्ण उघडी ठेवली होती, मुद्दाम.’’ डोळे धूसर आणि कान धारदार आला असेल तरीही ‘‘मुद्दाम.’’ आर्किटेक्ट मुलीने एकदा विचारलं होतं, की काका, या सहा महिन्यांत तुमच्या हातून काही चुकून झालंय का? काकांनी विचार करून ‘नाही’ म्हणून सांगितलं.

खरा रेंजफाइंडर कोणता, हाही एक वाद. एक पाहुणे फुजीचा एक्स-प्रो घेऊन आले होते. दिसायला तसाच, कोपऱ्यात खिडकी, खिडकीत रेघा. पण फोकस सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी बसून उजेड टिपणारी चकती, करतो, दोन खिडक्यांची जुळणी आत नाही. काकांनी तो हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, ‘‘चांगला आहे हो,’’ म्हणाले आणि परत दिला. कॅमेरा विटाळला नाही एवढंच. त्या पाहुण्यांचे फोटो त्या दिवशीचे सगळ्यात उत्तम होते, असं मला वाटलं.

मग सीसीडी आणि सीमॉस, सेन्सरच्या दोन जाती. लायकाचा एम ९ आला २००९ साली, १८ मेगापिक्सेलचा, पूर्ण पस्तीस एमएम फिल्मएवढा सेन्सर असलेला पहिला डिजिटल रेंजफाइंडर. त्यातला सीसीडी सेन्सर कोडॅकचा. त्यापुढच्या मॉडेलपासून कंपनी सीमॉसकडे वळली आणि तेव्हापासून जगभर दोन तट पडले आहेत. सीसीडीचे रंग फिल्मसारखे दाट, असं पहिल्या तटाचं म्हणणं. तो सगळा मनाचा खेळ, असं दुसऱ्याचं. डॉक्टरांनी एकदा दोन्हींचे प्रिंट मिसळून समोर ठेवले आणि ओळखायला सांगितलं. निकाल सांगत नाही, काका हा लेख वाचणार आहेत.

गप्पांसाठी सर्वांत गुणी कॅमेरा मात्र त्याआधीचा, २००६ सालचा एम ८. रेंजफाइंडरची लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसते, त्यामुळे कडांवर उजेड तिरपा पडतो. तो बिघडू नये म्हणून सेन्सरवरची अवरक्त किरणं अडवणारी काच पातळ ठेवली होती. परिणाम असा, की डोळ्यांना न दिसणारी ती किरणं फोटोत उतरायला लागली आणि काही काळी कापडं, विशेषतः कृत्रिम धाग्याची, जांभळट दिसू लागली. युरोपातल्या लग्नांत नवरदेवाचे काळे सूट वांगी रंगाचे झाले. शेवटी कंपनीने मालकांना लेन्सवर लावायचे दोन-दोन फिल्टर फुकट दिले. मला नेहमी वाटतं, हा कॅमेरा फिल्टर न लावता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला न्यायला हवा होता. खोलीभर काळ्या साड्या, सगळ्या ‘प्युअर’ म्हणून सांगितलेल्या. मग टीव्हीवर फोटो लावायचे. कोणाची चंद्रकळा काळीच राहिली आणि कोणाची जांभळी पडली, यावर जी चर्चा झाली असती तिच्यापुढे आमचे रविवार अगदीच सपक.

सगळ्यांचा आद्यपुरुष फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ. तो आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकायचा, म्हणून काकांनीही आपल्या कॅमेऱ्यावरच्या लाल ठिपक्यावर, म्हणजे लायकाच्या खुणेवर, पट्टी चिकटवली आहे. चोरांना कळू नये म्हणून, असं ते सांगतात. ज्यांना कळतं त्यांना ती पट्टी बघून जास्तच कळतं. पण ब्रेसाँची मला आठवते ती वेगळी गोष्ट. ३० जानेवारी १९४८ला तो दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये गांधीजींना भेटला आणि न्यू यॉर्कमधल्या आपल्या प्रदर्शनाची पुस्तिका त्याने त्यांना दाखवली. गांधीजी एकेक पान उलटत गेले आणि एका फोटोशी थांबले. फ्रेंच कवी पॉल क्लोदेल, आणि जवळ शववाहिका. या चित्राचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. ब्रेसाँने सांगितलं, की हा कवी जन्ममृत्यूचा विचार करणारा आहे. त्यावर गांधीजी ‘मृत्यू’ हा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणाले, अशी हकीकत आहे. त्याच संध्याकाळी त्यांची हत्या झाली. प्रसंगाचं ओझं बाजूला ठेवूनही मला त्यातला पहिला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. चित्राचा अर्थ काय? आमच्या टीव्हीपुढे हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. विचारला तर डॉक्टर लेन्स बदलतील.

आपल्याकडे फोटोचा पहिला प्रेक्षक मात्र टीव्हीपुढे नसतो, तो फोटोतच असतो. मंडईत कोणाचाही फोटो काढा, क्लिक झाल्याबरोबर वाक्य ठरलेलं: ‘‘दाखवा की!’’ आणि दाखवावा लागतो, तो त्यांचा हक्कच आहे. आता गंमत अशी, की रेंजफाइंडर बनवणाऱ्यांना कॅमेऱ्याच्या पाठीवरचा, फोटो दाखवणारा पडदा कधीच मनापासून आवडला नाही. पहिला डिजिटल रेंजफाइंडर, २००४ चा एप्सन आर-डी १, त्याचा पडदा उलटा फिरवून झाकून टाकता यायचा. वर घड्याळासारखे काटे, आणि फिल्म नसूनही शटर सज्ज करायला फिल्म ओढायचा असतो तसा खटका. २०१६ साली लायकाने एम-डी काढला, त्याला पडदाच नव्हता. फोटोग्राफरने निकालाच्या मागे न लागता समोर बघत राहावं, अशी त्यामागची कल्पना. कल्पना उदात्त आहे, पण ती मंडईत भाजी विकणाऱ्या मावशींना समजावून सांगून पाहावी. काकांच्या एका मित्राने तसा कॅमेरा आणला होता. ‘‘यात दिसत नाही हो, मावशी,’’ तो म्हणाला. मावशींनी कॅमेऱ्याची पाठ पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं. ‘‘जुना हाय व्हय? चालतो तरी का?’’ लायकाचा एम ११ हा २०२२ साली आला तेव्हा अमेरिकेत ८,९९५ डॉलरला होता, लेन्स वेगळी. दिसायला तोही असाच जुना.

ज्यांच्या कॅमेऱ्याला पडदा असतो त्यांचीही सुटका नसते. त्याच मावशींनी माझ्याकडचा त्यांचा फोटो पाहिला. मी चेहऱ्यावर पडलेल्या कवडशावर खूश होते. त्या म्हणाल्या, ‘‘गवार कुठंय?’’ गवार चौकटीबाहेर राहिली होती. त्यांनी पाटी पुढे सरकवली, पदर नीट केला आणि पुन्हा काढायला लावला. कवडसा तोवर हलला होता. पण दुसऱ्या फोटोत त्या जशा बसल्या आहेत, ताजी कोवळी गवार आणि तिची मालकीण, तसं त्यांना माझ्या रेघांमध्ये बसवणं मला सुचलं नसतं. रविवारी दोन्ही फोटो लावले. पहिल्याला डॉक्टर ‘‘बोके काय आलाय!’’ म्हणाले, म्हणजे लेन्सने मागचं कसं विरघळवलंय ते. दुसऱ्याला काही बोलले नाहीत. मी त्याचा मोठा प्रिंट काढून मावशींना दिला, तो आता वजनकाट्याच्या मागे लावलेला आहे.

गेल्या वर्षी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधी त्यांना पॅच जुळवणं जड जात होतं. दोन नाकं एक झाली की अजून दोनच आहेत, याची खात्री पटत नसे. या पंथातले बरेच लोक त्याच वयाचे आहेत आणि ते कंपनीलाही ठाऊक असावं. २०२५ मध्ये लायकाने एम मालिकेत चक्क रेंजफाइंडर काढून टाकलेला कॅमेरा आणला, एम ईव्ही १. खिडकीत इलेक्ट्रॉनिक पडदा, लेन्सला दिसतं तेच डोळ्याला दिसणार, काय धूसर आणि काय स्पष्ट ते क्लिक करायच्या आधीच कळणार. काकांनी त्याची माहिती छापून आणली होती आणि ती कागदं ते सारखी वरखाली करत होते.

‘‘घ्या की काका,’’ आर्किटेक्ट मुलगी म्हणाली, ‘‘पण फोटो कसा येणार ते आधीच दिसायला लागलं तर आपण रविवारी बोलणार कशाबद्दल?’’

‘‘लेन्सबद्दल,’’ डॉक्टर म्हणाले.