क्लासिक 350 ची चामड्याची सॅडलबॅग: तिसरी नोंद

मागच्या पावसाळ्यात मोटरसायकलवरून ताम्हिणी घाट उतरताना बाजूला लटकवलेल्या जुन्या बॅगेची एक वादी सुटली आणि माणगावपर्यंतचा प्रवास बॅगेने लोंबकळतच केला. घरी आल्यावर पाहिले, तर चामडे शाबूत होते. गेला होता तो दोरा. साडीगार्डच्या दांडीवर घासून मशीनचा एक टाका तुटला होता आणि त्यामागोमाग सगळी ओळ उसवत गेली होती. म्हणून या वेळी बॅग निवडताना मी चामड्याआधी शिलाई पाहिली.

एकच बॅग घ्यायची आणि ती डावीकडे लावायची, हे आधीच ठरले होते. उजवीकडे सायलेन्सर आहे, आणि झाडाच्या सालीने कमावलेले चामडे ओले असताना साधारण 75 ते 85 अंश सेल्सिअसलाच आकसू लागते. भिजलेली बॅग तापलेल्या नळीला टेकली, तर तिचे काय होईल हे करून पाहण्याची माझी इच्छा नाही.

धारावीतून तीन तुकडे आणले. पहिला वरून सर्वांत देखणा होता. पण घडी घातल्यावर वरचा थर बारीक सुरकुत्यांनी सुटा होऊ लागला. चिरलेल्या चामड्याच्या खालच्या भागावर दिलेला तो लेप होता, म्हणजे रेग्झिनचा सख्खा भाऊच. दुसऱ्याची कापलेली कड आत निळसर करडी दिसली, त्यावरून ते क्रोमने कमावलेले असावे असे मी धरले. असे चामडे पाणी बरे सोसते, पण मऊ असल्यामुळे आतून पुठ्ठा किंवा पत्रा दिला नाही तर पोट सुटल्यासारखे ओघळते. तिसरा आरपार तपकिरी होता आणि त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब मिनिटभरात मुरला, म्हणून तो सालीने कमावलेला असावा असे मी धरले. हे चामडे आकार धरते, मात्र त्याला तेल-मेण लावत राहावे लागते आणि कपाटात कोंडले तर बुरशी येते. ही चाकरी मला मान्य असल्याने मी तिसरा निवडला: अंगाला 3 मिलिमीटर, वाद्यांना 4, आणि साडीगार्डला टेकणाऱ्या पाठीला दुहेरी थर.

शिलाई हाताची, एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून घेतली. तिच्यात एक टाका तुटला तरी शेजारचा टाका दुसऱ्या बाजूच्या धाग्याने धरलेला राहतो. दोरा मेण लावलेल्या पॉलिस्टरचा आहे, कारण सुती दोरा ओलीत कुजतो. टाके इंचाला सहाच ठेवले. भोके फार दाट पडली, तर चामडे पोस्टाच्या तिकिटासारखे त्याच रेषेवर फाटते.

रिव्हेट तांब्याचे आहेत. नमुन्याच्या तुकड्यावर मी एक साधा लोखंडी रिव्हेट ठोकून पाहिला होता. ओला झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती काळे कडे उमटले. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून जुन्या काळी शाई बनवीत, त्याच जातीची ही सालीतल्या तुरट अंशाची लोखंडाशी होणारी क्रिया आहे.

आतापर्यंत 1,400 किलोमीटर झाले. भाजीच्या काट्यावर तोलून चार किलोपेक्षा जास्त सामान भरलेले नाही, आणि बॅग भिजली की ती पंख्याखाली, सावलीतच वाळवतो. शिलाई जागच्या जागी आहे. पुढची वादी मात्र एका भोकाइतकी ताणली आहे, त्यामुळे येत्या रविवारी आरी घेऊन तिला आणखी एक भोक पाडायचे आहे.