उजवा की डावा?

एमआरआयच्या कागदावर नुसते ‘खांदा’ लिहिले असेल तर ओपीडीतून हलू नका. उजवा की डावा, ते डॉक्टरांकडून तिथेच लिहून घ्या. बाकीचे सगळे नंतर.

बार मानेमागून वर ढकलायचा, तो व्यायाम गोव्यात फोंड्याच्या आमच्या जिममध्ये सगळेच करतात. मीही वर्षानुवर्षे केला. पावसाळ्याच्या सुरुवातीला उजवा खांदा बोलायला लागला. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यातच कळ यायची, खाली नाही, पार वरही नाही. रात्री त्या कुशीवर झोपणे बंद. एक्स-रे साफ आला. येणारच. त्यात हाड दिसते, स्नायू हाडाला जोडणारा टेंडन दिसत नाही. म्हणून एमआरआय.

सरकारी रुग्णालयात (कुठले ते सांगत नाही) एमआरआयची तारीख देणाऱ्या खिडकीवर बाईंनी कागद उलटापालटा केला. “खांदो खंयचो? उजवो काय दावो?” मी हात लावून दाखवला. “अशें दाखोवन जायना, कागदार बरयलेलें जाय.” परत ओपीडीत गेलो तर डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये. शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर म्हणाले, “ज्यांनी लिहिलंय त्यांच्याकडूनच करून घ्या.” ‘त्यांची’ ओपीडी पुढच्या आठवड्यात. म्हणजे पुन्हा कामावर रजा, पहाटेची बस, पुन्हा केसपेपरची रांग. अखेर ‘उजवा’ हा शब्द दोन सेकंदांत लिहून झाला. तोवर तारखा पुढे सरकल्या होत्या, मला मिळाली ती चतुर्थीनंतरची. घरात गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला मी असतो. यंदा खाली उभा राहून धाकट्या भावाला सूचना देत होतो, आणि तो ऐकत नव्हता.

बाजू लिहिलेली हवीच, हे मला मान्य आहे. भलत्याच खांद्यावर काही झाले तर कोण निस्तरणार? पण ती बघायची जागा डॉक्टरांचे टेबल. रांगेत अर्धा दिवस उभ्या राहिलेल्या माणसाला खिडकीवर परत पाठवणे ही कसली काळजी!

मधल्या काळात एका खाजगी फिजिओथेरपिस्टकडे गेलो, हे बरे झाले. त्यांनी हात पुढे धरायला लावला, अंगठा जमिनीकडे, आणि वरून दाबला. मी कळवळलो. “सुप्रास्पिनेटस दिसतोय, हात बाजूने उचलणाऱ्या स्नायूचा टेंडन. ताकद शाबूत आहे, रिपोर्टसाठी थांबू नका.” कोपर कुशीला चिकटवून रबर बँड बाहेर ओढणे, भिंतीला मनगट टेकवून नुसते दाबून धरणे, असे सुरू झाले. डोक्यावर वजन बंद, पायांचे व्यायाम चालू. ‘जिमच सोडा’ म्हणणाऱ्यांपेक्षा हे मला पटले. टेंडनला रक्तपुरवठा कमी, स्नायूइतक्या लवकर तो सुधारत नाही, तेव्हा तीन महिने धरूनच चला.

एमआरआयमध्ये त्याच टेंडनला अर्धवट चीर निघाली. शब्द वाचून घाबरलो, तर फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, न दुखणाऱ्या खांद्यांतही असे पुष्कळदा दिसते. व्यायाम तेच राहिले. एवढी वाट पाहून बदलले काय? काही नाही!

मात्र थांबू नये असेही काही असते. बेंच प्रेस करताना छातीत ‘टक्’ झाले आणि काखेजवळ काळेनिळे पडले, किंवा एक तळहात पुढे, एक मागे धरून डेडलिफ्ट मारताना कोपराच्या खळीत तुटल्यासारखे होऊन बायसेप्स वर गोळा झाला, तर त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तुटलेला टेंडन आत आखडत जातो, शस्त्रक्रिया लागली तर पहिल्या काही आठवड्यांत सोपी असते. तिथे मात्र सरकारी असो की खाजगी, तारखेसाठी भांडा.

जिममधला एक दादा ‘इंजेक्शन घे, मोकळा हो’ म्हणून मागे लागला होता. ते इंजेक्शन कॉर्टिसोनचे, म्हणजे स्टिरॉइडचे. त्याने दुखणे दबते, पण वारंवार घेतले तर टेंडन कमजोर होतो. मी नाही घेतले.

आता डंबेल प्रेस करतो, कोपरे अंगाजवळ ठेवून, हलक्या वजनाने. आणि हो, एमआरआयची सीडीही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर त्यांना नुसता कागद पुरत नाही, आणि सीडी मागायला पुन्हा तीच खिडकी.